इंदूरच्या नकाशावर ठिपकेच नाहीत, मग जिओकॅशिंग सुरू कसं करायचं?

प्रश्न: आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. दिवाळीत पुण्याला मावसभावाने जिओकॅशिंग दाखवलं, म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेल्या डब्या फोनच्या जीपीएसने शोधायचा खेळ, आणि एक डबी मुलांनी शोधूनही काढली. घरी परतल्यावर अ‍ॅप उघडलं तर आपल्याकडे डब्यांचे ठिपके जवळजवळ नाहीतच. होते त्यातल्या एका ठिकाणी गेलो, तासभर शोधलं, हाती काही लागलं नाही. मुलं हिरमुसली. जीपीएसचं वेगळं यंत्र घ्यावं का? पैसे भरून सभासद व्हावं का? की इंदुरात हा नाद शक्यच नाही?

उत्तर:

यंत्र घेऊ नका, पैसे भरू नका, आणि निदान महिनाभर ते अ‍ॅपही उघडू नका. त्याऐवजी या रविवारी घरातले तीन रिकामे डबे घ्या आणि आधी लपवायला शिका. इंदुरात हा नाद जमतो, पण तो उलट्या टोकाकडून धरावा लागतो. मला हे कळायला दोन वर्षं लागली. तुमची तेवढी वाचावीत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची सुरुवातही परगावीच झाली. बारा वर्षांपूर्वी भावाकडे हॉलंडला गेलो होतो. भावजयीने माझ्या मुलाच्या हातात फोन दिला आणि म्हणाली, जा, कालव्याच्या काठी काहीतरी आहे, शोधून आण. नऊ वर्षांचं पोर पाऊण तास एका पुलाभोवती घिरट्या घालत होतं. शेवटी कठड्याच्या खालच्या अंगाला लोहचुंबकाने चिकटवलेली, बोराएवढी डबी निघाली. आत कागदाची बारीक गुंडाळी आणि तिच्यावर लोकांची टोपणनावं, बस्स. त्या रात्री जेवताना त्याने दुसरा विषय काढला नाही. तिथे दर दोन-तीन गल्ल्यांमागे एक डबा होता. इंदूरला येऊन नकाशा उघडला, तर पाटी कोरी.

आज आमच्या घरच्या खात्यावर शोधलेले चारशेच्या आसपास डबे आहेत. त्यातले इंदूर आणि भोवतालचे मोजायला दोन हातांची बोटं पुरतात. तरी सगळ्यात रंगलेले रविवार इथलेच, आणि त्यातले बरेचसे कुठल्याही संकेतस्थळावर नोंदलेले नाहीत.

(या खेळात लपवलेल्या डब्याला ‘कॅश’ म्हणतात, मी मात्र ‘डबा’ म्हणते. कॅश म्हटलं की आपल्याकडे लोकांना रोकड आठवते. एकदा एका बागेत माझा मुलगा मोठ्याने ओरडला, ‘आई, कॅश मिळाली!’ आणि पाच मिनिटांत आमच्याभोवती पंधरा माणसं जमली.)

हा खेळ सुरू कसा झाला ते मुलांना जरूर सांगा, कारण त्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. जीपीएसचे उपग्रह अमेरिकन सैन्याचे. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संकेतात पूर्वी मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जाई. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने २ मे २००० रोजी ही भेसळ थांबली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगन राज्यात, बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात, एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा बंद डबा होता. अट एवढीच की काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा आणि वहीत नोंद करा. काही दिवसांतच लोकांनी ती शोधली, आणि आज जगभर तीस लाखांहून जास्त डबे लपलेले आहेत. म्हणजे या खेळाचा पहिला खेळाडू शोधणारा नव्हता, लपवणारा होता. त्याच्यापुढेही नकाशा कोराच होता. (गंमत अशी की त्याने केलेल्या दोन गोष्टी, जमिनीत पुरणं आणि खाण्याची वस्तू ठेवणं, आजच्या नियमांत बसत नाहीत.)

पहिल्या रविवारी लपवायचं तुम्ही आणि शोधायचं मुलांनी. कॉलनीतली बाग पुरे. झाडं, बाक, कुंपण एवढं असलं की भागतं. डबा ठेवला की फोन त्याच्या शेजारी दोन-तीन मिनिटं स्वस्थ ठेवा, आकडे स्थिरावू द्या, मग उतरवून घ्या. अर्ध्या तासाने पुन्हा घ्या आणि दोन्हींची सरासरी काढा. हे आकडे मुलांना कागदावर द्या आणि फोनमध्ये त्यांचे त्यांनाच भरू द्या.

इथे पहिली फजिती ठरलेली. या खेळात अंश आणि दशांश मिनिटं अशी पद्धत वापरतात. राजवाड्याच्या आसपासचा एक बिंदू घ्या: उत्तर २२° ४३.१७६′, पूर्व ७५° ५१.४६२′. फोनमधला साधा नकाशा हीच जागा २२.७१९६, ७५.८५७७ अशी लिहितो, कारण एका अंशाची साठ मिनिटं होतात. माझ्या मुलाने मिनिटांचे आकडे तसेच दशांशचिन्हापुढे चिकटवले, २२.४३१७६ आणि ७५.५१४६२. फोनने निमूटपणे बाण दाखवला. अंतर सत्तेचाळीस किलोमीटर! राजवाडा राहिला बाजूला, बाण मानपूरच्याही पलीकडे. अकरा वर्षांच्या मुलीला दशांश अपूर्णांक शिकवायचा याहून चांगला तास मला माहीत नाही. मिनिटांचा तिसरा दशांश एकाने चुकला तर उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर आणि आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम १.७ मीटर फरक पडतो, हेही तिला मोजपट्टीने मोजून बघू दे.

जाता जाता एक सांगते. जुन्या भारतीय ज्योतिषगणितात शून्य रेखांश उज्जैनचा धरत, आणि इंदूर जवळजवळ त्याच रेषेवर आहे. हे सांगितल्यापासून आमच्या सासूबाईंनी या प्रकाराला ‘फोनचे चाळे’ म्हणणं बंद केलं.

आता मुख्य गोष्ट. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. पण लपवणाऱ्याचा फोनही तेवढाच चुकलेला असतो. दोन्ही चुका विरुद्ध दिशांना पडल्या तर डबा बाणापासून दहा मीटरांवर निघतो. नवशिके नेमके इथे फसतात. बाण ‘० मीटर’ दाखवतो त्या फरशीवर उभे राहून ती फरशीच उपटायला बघतात. आमच्या घरचा नियम आहे, अंतर दहाच्या आत आलं की फोन खिशात. पुढचं काम डोळ्यांचं. लपवणारा इथे आला असता तर त्याने हात कुठे घातला असता? इथे काय विसंगत दिसतं? दगडांची रास जरा जास्तच नीट रचलेली आहे का? कुंपणाच्या एकाच खांबाला टोपी का आहे? आणि हे प्रश्न सुचायला आधी स्वतः लपवलेलं असावं लागतं. ज्या मुलाने एकदा डबा लपवला आहे ते मूल चोरासारखा विचार करतं. ज्याने फक्त शोधलेलं आहे ते बाणाकडेच बघत राहतं.

उंच इमारतींमध्ये तर बाणावर अजिबात विसंबू नका. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत किंवा सराफ्यात उपग्रहाचा संकेत भिंतींवर आपटून फोनपर्यंत पोचतो, म्हणजे लांबच्या वाटेने येतो, आणि फोनला आपण वीस-तीस मीटर भलतीकडे आहोत असं वाटतं. होकायंत्राची सुई गोंधळली तर फोन हवेत आठच्या आकड्यात फिरवा, आणि चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर काढून ठेवा. आमच्या ह्यांनी एकदा त्या कव्हरपायी सगळ्यांना उलट्या दिशेला अर्धा किलोमीटर चालवलं होतं. अजून ते मान्य करत नाहीत.

दुसऱ्या रविवारी पाळी बदला, लपवायचं मुलांनी आणि शोधायचं आईबाबांनी. हा रविवार चुकवू नका. मुलं पहिल्यांदा फार अवघड लपवतात, कारण त्यांना तुम्हाला हरवायचं असतं. हरा. माझ्या मुलीने दिवाळीच्या किल्ल्यात डबी लपवली होती, तटबंदीच्या आत, वर हळीव पेरून. आकडे अंगणातलेच होते, म्हणजे फोनचा काही उपयोग नव्हता. दोन दिवस मी तो किल्ला बघत होते आणि मावळे मोजत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की एका बुरुजावरचं हळीव मागाहून उगवलंय.

दोघांचं वय वेगळं आहे, म्हणून गोडीही वेगळी असणार. सात वर्षांच्या मुलाला आतल्या खजिन्याशी मतलब असतो. अदलाबदलीच्या वस्तूंसाठी बाजारात जाऊ नका. संक्रांतीच्या हळदीकुंकवात लुटून आलेल्या छोट्या वस्तू प्रत्येक मराठी घरात कपाटभर असतात, त्या याच्यासाठीच जन्माला आल्यात असं माझं मत आहे. शिवाय गोट्या, बिल्ले, परदेशी नाणी. एक घेतलं तर तेवढ्याच मोलाचं किंवा थोडं चांगलं ठेवायचं, हा दंडक लहानपणीच अंगी लागू द्या. फक्त तिळगूळ, चॉकलेट, वासाचं साबण, अत्तर असलं काही नको. मुंग्या तासाभरात येतात आणि माकडं त्याच्याही आधी.

मुलीला कोडी द्या. नोंदलेल्या डब्यांच्या सूचना बऱ्याचदा एका सोप्या गुप्तलिपीत असतात. रोमन वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवलेलं असतं. ती तिला दहा मिनिटांत येईल. मग आपल्या वर्णमालेची करायला सांगा, तिथे जोडाक्षरांपाशी खरी मजा येते. आम्ही पुढे एक सूचना मोडी लिपीत लिहिली. होळकरांच्या दफ्तरातली लिपी, म्हटलं बघू इंदुरात आज कोण वाचतं. मुलांनी ओळखीतली चार घरं पालथी घातली. शेवटी ऐंशी उलटलेल्या एका आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून ती घडाघडा वाचली, आणि वर माझ्या अक्षराला नावं ठेवली.

आता तुमच्या त्या हुकलेल्या डब्याबद्दल. बहुधा तुमची चूक नव्हती. निघण्यापूर्वी डब्याच्या पानावर शेवटच्या नोंदी वाचायच्या असतात. कुणाला तो शेवटचा कधी सापडला आणि त्यानंतर किती जणांनी ‘सापडला नाही’ लिहिलं, हे पाहा. लागोपाठ तीन-चार तशा नोंदी असतील, किंवा दोन-तीन वर्षांत कुणी फिरकलेलंच नसेल, तर आपल्याकडे तो डबा गेला असं समजावं. मग आकार पाहा. ‘मायक्रो’ म्हणजे १०० मिलिलिटरहून लहान, यात ती बोराएवढी चुंबकी डबीही आली. ‘स्मॉल’ एक लिटरपर्यंत, ‘रेग्युलर’ वीस लिटरपर्यंत. मुलांसोबत सुरुवातीला स्मॉलच्या खाली उतरू नका. अवघडपणा आणि वाट, दोन्हींना एक ते पाच असे वेगवेगळे गुण असतात, अर्ध्या-अर्ध्याने वाढणारे. दोन्ही दीडच्या आत असलेलेच निवडा. वाट ‘एक’ असेल तर तिथे चाकाची खुर्चीही जायला हवी असा नियम आहे, म्हणजे आजीला घेऊन जाता येतं. आणि सापडला नाही तर तसं प्रामाणिकपणे नोंदवा. ती नोंद वाचून पुढच्या माणसाची फेरी वाचते.

पैशांचं थोडक्यात. मोफत खातं पुरे. खातं तुमच्या नावाने काढा, घराला एक टोपणनाव घ्या, मुलांची खरी नावं, शाळा आणि चेहरे त्यावर नकोत. अँड्रॉइड फोन असेल तर ‘सी-जिओ’ हे मोफत अ‍ॅप आहे, मी तेच वापरते. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण नकाशाला लागतं. म्हणून चोरल किंवा पाताळपाणीच्या धबधब्याच्या बाजूला जाताना त्या भागाचा नकाशा घरूनच उतरवून घ्या आणि पॉवर बँक सोबत ठेवा. हातातलं यंत्र रानावनात दिवस-दिवस फिरणाऱ्यांसाठी ठीक. तुम्ही त्या पैशांत चांगले बूट घ्या.

बूट म्हणते ते उगाच नाही. आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. पोहे-जिलबी खाऊन सात वाजता निघायचं आणि अकराच्या आत परतायचं. पाऊस संपल्यावर विंध्याच्या उतारांवर गवत कमरेएवढं असतं आणि त्यात घोणस दिसत नाही. नियम एकच, डोळा पोचत नाही तिथे हात घालायचा नाही. बिळात, ढोलीत, दगडाखाली आधी काठी, मग टॉर्च, मग हात, आणि तो हात मोठ्या माणसाचा. खाजकुइलीच्या शेंगा मुलांना आधी चित्रात दाखवून ठेवा. माझ्या भाच्याने एकदा ‘मखमली शेंग’ म्हणून खिशात घातली, त्याचं पुढचं वर्णन करत नाही. पाताळपाण्याला पावसाळ्यात पात्रात उतरायचंच नाही. वर कुठेतरी पाऊस पडतो आणि खाली ऊन असताना लोंढा येतो. २०११ साली तिथे पिकनिकला आलेली माणसं अशीच वाहून गेली.

पण त्याच पाताळपाण्यासाठी तुम्हाला एक वेगळा प्रकार सांगते, मला तो इंदूरसाठी सर्वांत योग्य वाटतो. त्याचं नाव अर्थकॅश. जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेच्या पुढाकाराने तो २००४ मध्ये सुरू झाला. यात डबाच नसतो. ठरलेल्या जागी जायचं, खडक, माती, पाणी नीट बघायचं, दिलेल्या प्रश्नांची उत्तरं तो अर्थकॅश नोंदवणाऱ्याला पाठवायची. डबा नाही म्हणजे हरवणं नाही, माकड नाही, संशय नाही. माळव्याचं पठार म्हणजे सुमारे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. पाताळपाण्याला ते पठार एकदम तुटतं आणि पाणी खाली जवळपास तीनशे फूट कोसळतं. हिवाळ्यात धार बारीक असते, तेव्हा समोरच्या सुरक्षित बाजूने कड्यातले थर मोजता येतात. देवास जिल्ह्यात कावडिया पहाडावर हाच बेसाल्ट निवताना आकसून कोनाकोनाच्या खांबांसारखा फुटलेला आहे. जानापावच्या डोंगरावर चंबळ नदी उगम पावते. शहरात सिरपूर तलाव आणि जरा बाहेर यशवंत सागर, ही २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, आलेली पाणथळं, थंडीत पाहुण्या पक्ष्यांनी भरलेली.

या जागांवर नोंदलेला अर्थकॅश असो वा नसो, प्रश्न तुम्ही घरी तयार करू शकता. समोरच्या कड्यात किती पट्टे दिसतात? कुठला दगड छिद्राछिद्रांचा आहे आणि ती छिद्रं कशी झाली असतील? या खांबाला कोन किती, सगळ्यांना तेवढेच का? मुलीला उत्तरं शोधू दे, मुलाला मोजू दे. काही उचलून मात्र आणायचं नाही.

यानंतर, साधारण तीन-चार महिन्यांनी, तुमचा स्वतःचा नोंदलेला डबा. घाई करू नका, कारण डबा नोंदवणं म्हणजे तुळस लावण्यासारखं आहे, रोज नाही तरी अधूनमधून पाणी घालावंच लागतं. दोन डब्यांमध्ये निदान १६१ मीटर अंतर हवं. जमीन खोदायची नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही. जागेच्या मालकाची परवानगी लागते. तुमचा अर्ज एक स्वयंसेवक तपासतो आणि मगच ठिपका दिसतो. डबा बिघडल्याची तक्रार आली की महिनाभरात जाऊन बघावं लागतं, म्हणून तो घराजवळ असावा.

माझा पहिला डबा अकरा दिवस टिकला. तळ्याकाठच्या एका बागेत, माळीदादांना विचारून, करंजाच्या मुळाशी ठेवला होता. गेला. मला वाटलं पोरांनी पळवला, म्हणून दुसरा ठेवला. तो चार दिवसांत गेला. तिसऱ्याच्या वेळी मी सकाळी सहाला जाऊन बसले, तर झाडणाऱ्या मावशी आल्या, थेट मुळाशी वाकल्या, डबा उचलला, उघडला, वही वेगळी केली, प्लॅस्टिक वेगळं केलं आणि दोन्ही सुक्या कचऱ्यात टाकलं. मी धावत गेले. त्या म्हणाल्या, ‘कचरा था दीदी, आप छोड़ते हो क्या रोज?’ ज्या शहराने २०१७ पासून देशात स्वच्छतेचा पहिला नंबर धरून ठेवला, तिथे लपवलेला डबा टिकवायचा तर त्याचा खरा शत्रू चोर नाही, हे त्या दिवशी कळलं. त्यांना खेळ समजावला. पुढचा डबा त्यांच्याच सल्ल्याने ठेवला, ‘इधर कोई झाड़ू नहीं मारता’ म्हणाल्या तिथे, आणि बागेच्या मुख्य व्यवस्थापकाचं लेखी पत्र घेऊन. तो चार वर्षं टिकला. आता मी कुठेही डबा ठेवण्याआधी झाडणारं कोण आहे ते विचारते.

दुसरी अडचण संशयाची. बेवारस वस्तूला हात लावू नका असं आपण स्टेशनवर रोज ऐकतो, आणि ते बरोबरच आहे. म्हणून डबा पारदर्शक घ्या, त्यावर हिंदीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहा की हा खेळाचा डबा आहे, आणि डब्याचा क्रमांक लिहा. रेल्वे, बसस्टँड, पूल, शाळा, देवळं, सरकारी कचेऱ्या आणि महूच्या छावणीचा परिसर पूर्ण वर्ज्य. रालामंडल अभयारण्य आहे, तिथे काही ठेवायचं नाही. मांडूसारख्या संरक्षित वास्तूंतही नाही. मग ठेवायचा कुठे? माझं उत्तर, ओळखीच्या माणसाच्या जागेत. मित्राच्या शेताचं फाटक, काकांच्या दुकानाचा ओटा, मराठी मंडळाच्या इमारतीचं आवार. परवानगी तोंडावर मिळते, राखण फुकट होते आणि शोधायला आलेल्या माणसाला चहा मिळतो. यात लपवाछपवीचा थरार कमी होतो हे मान्य. पण खेळाबाहेरच्या लोकांना, ज्यांना ही मंडळी ‘मगल’ म्हणतात, त्यांना चुकवायचं तंत्र इंदुरात तसंही चालत नाही. दोन मिनिटं झुडपात वाकलात की ‘क्या गुम गया भिया?’ म्हणत तिघं शोधायला लागतात. खरं सांगून टाका. आमच्या दोन डब्यांचे आजचे राखणदार असेच मिळाले.

डबा कुठला? पत्र्याचा नको, गंजतो आणि उन्हात तापतो. रबरी कडा असलेला, चारी बाजूंनी खटका लागणारा डबा पावसाळा काढतो. लहान हवा असेल तर शीतपेयाची बाटली फुगवण्याआधीची जाड नळी मिळते, प्रीफॉर्म म्हणतात तिला. बाटलीचंच झाकण बसतं आणि पाण्याचा थेंब आत जात नाही. वही झिपच्या पिशवीत घाला.

मे महिन्यात मुंबई-पुण्याला जाल तेव्हा अ‍ॅप पुन्हा उघडा. तिथे ठिपके जास्त आहेत, आणि तोपर्यंत तुमची मुलं शोधण्यात तरबेज झालेली असतील. एखाद्या डब्यात क्रमांक कोरलेला पत्र्याचा बिल्ला मिळाला तर तो अदलाबदलीचा नाही. तो प्रवासी असतो, त्याच्या मालकाने त्याला कुठेतरी जायचं ध्येय दिलेलं असतं. क्रमांक नोंदवा, इंदूरला आणा आणि पुढच्या डब्यात सोडा. आमच्याकडे आलेला एक कर्नाटकातून निघाला होता आणि त्याला समुद्र बघायचा होता. आम्ही त्याला यशवंत सागर दाखवला, नावात तरी सागर आहे म्हणून, आणि मग दीवला जाणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाठवून दिला.

या रविवारी निघताना डब्यात पेन्सिल टाकलीत ना ते बघा. पेन नको. जुलैच्या दमटपणात शाई कागदभर पसरते आणि मेच्या उन्हात रिफिल वाळते. पेन्सिल छोटी, दोन्ही बाजूंनी टोक केलेली. शार्पनर डब्यात ठेवू नका, सात वर्षांचा मुलगा पहिल्यांदा तोच उचलेल.